फुकट कोचिंग करायला आफ्रिकेत जायचं म्हणतो, काय करू?

भांडुपच्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा 21 वर्षांचा, यंदा बीकॉम झाला, मुंबईच्या पावसाळी कांगा लीगमध्ये खालच्या डिव्हिजनला तीन सीझन खेळला पण पुढे काही जमलं नाही. शनिवार-रविवार मुलुंडला एका कॅम्पमध्ये लहान पोरांना शिकवतो. आता त्याला रवांडा आणि युगांडाला जायचंय, तिथल्या शाळांमधल्या मुलांना क्रिकेट शिकवायला आणि सोबत एचआयव्हीची माहिती द्यायला. पगार नाही, उलट तिकीट-राहणं धरून दीड लाख आपणच भरायचे. मिस्टर म्हणतात, "राबायचं पण आपण आणि पैसे पण आपणच द्यायचे, असलं गिऱ्हाईक आपल्याच घरात निघालं." ताईंचे प्रश्न दोन, ह्यात करिअर आहे का, आणि त्याला तिकडे काही झालं तर.

ताई, तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "जो स्वतः मोठा खेळाडू झाला नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार". आधी त्याच्याबद्दल बोलते कारण हे वाक्य घरात रोज कानावर पडलं तर पोरगं खचतं हो. सचिनला घडवणारे आचरेकर सर स्वतः किती फर्स्ट क्लास मॅच खेळले माहितीये? एक. फक्त एक. शिवाजी पार्कवर त्यांनी काय उभं केलं ते मी मुंबईकराला सांगायची गरज नाही, स्टंपवरच्या एक रुपयाच्या नाण्याची गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. खेळणं वेगळं, शिकवणं वेगळं. तुमचा मुलगा दोन वर्षं दर शनिवारी सकाळी सहाला उठून मुलुंडला जातोय ना, माझ्या लेखी त्याच्या कांगा लीगपेक्षा ते जास्त कामाचं आहे.

आता हा प्रकार नक्की काय ते. क्रिकेट शिकवता शिकवता आरोग्याचं बोलणं ही हवेतली कल्पना नाहीये, ब्रिटनची क्रिकेट विदाउट बाउंडरीज नावाची संस्था 2005 पासून आफ्रिकेत हेच करतेय, व्हॉलंटियर थोड्या दिवसांसाठी जातात, मुलांना शिकवतात आणि मुख्य म्हणजे तिथल्या शिक्षकांना तयार करून येतात. आणि रवांडाला क्रिकेट काय कळणार असं मिस्टर म्हणत असतील तर त्यांना सांगा, 2016 मध्ये त्यांच्या कॅप्टनने देशात स्टेडियम व्हावं, त्यासाठी पैसे जमावेत म्हणून नेटमध्ये सलग 51 तास बॅटिंग केली, आणि 2017 ला किगालीजवळ गहांगाला ते स्टेडियम खरंच उभं राहिलं. 2023 च्या अंडर-19 मुलींच्या वर्ल्डकपमध्ये ह्याच रवांडाच्या मुलींनी वेस्ट इंडिजला हरवलं. त्यामुळे तुमचा मुलगा तिकडे "अडाणी लोकांना खेळ शिकवायला" चाललाय असं त्याच्या डोक्यात असेल तर ते इथेच काढून टाका, नाहीतर पहिल्याच दिवशी तिथली पोरगी त्याचा मिडल स्टंप उडवेल.

माझा आक्षेप दीड लाखाला नाही. माझा प्रश्न एवढाच की तो घेऊन काय जाणार आहे. बॅट-बॉल नाही म्हणत मी.

चेंबूरला माझा एक जुना विद्यार्थी एका मैदानावर असंच सेशन घ्यायचा, मी मुद्दाम बघायला गेले होते. साधारण तीस पोरं, दोन बॅटा, स्टंपऐवजी विटा. त्याने आधी एका मुलाला बॅटशिवाय विटांसमोर उभं केलं आणि बाकीच्यांना टेनिस बॉल टाकायला लावले, चौथ्या बॉलला वीट पडली. मग बॅट हातात दिली. म्हणाला, वीट म्हणजे तुझी तब्येत, बॉल म्हणजे एचआयव्ही, बॅट म्हणजे माहिती, आता सांग कशी वाचवशील. मग सगळे गोल करून उभे, बॉल पाठीमागून एकमेकांना पास करायचा, मधल्याने ओळखायचं बॉल कोणाकडे आहे. कुणालाच ओळखता येईना, तेव्हा हा म्हणाला, बघा, चेहऱ्यावरून कळतच नाही, टेस्ट केल्यावरच कळतं. मला कौतुक वाटलं. तेवढ्यात एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाने विचारलं, "सर, माझ्या काकाला आहे, मग त्याच्याबरोबर जेवायचं की नाही?" आणि आमचा सर गप्प. चार सेकंद असतील, पण त्या मुलाने त्याच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर घेऊन टाकलं होतं. नंतर त्याने सांगितलं की जेवायचं, एका ताटात जेवायचं, त्याने काही होत नाही, पण ती चार सेकंदं परत येत नाहीत ना.

तुमच्या मुलाला तिकडे हाच प्रश्न येणार आणि तोही किन्यारवांडा भाषेत, मधला कोच भाषांतर करून सांगणार. तेव्हा उत्तर तोंडावर पाहिजे. रक्त, असुरक्षित संबंध, दूषित सुई, आणि आईकडून बाळाला, ह्यापलीकडे एचआयव्ही पसरत नाही, हात मिळवून नाही, एका बाटलीतलं पाणी पिऊन नाही, घामाने नाही. आणि औषधं नियमित चालू असली की माणूस वर्षानुवर्षं धडधाकट जगतो हेही, कारण समोरच्या मुलांमध्ये कोणाचे तरी आई-बाबा त्या गोळ्या घेत असतील, नाहीतर तो मुलगा स्वतः घेत असेल, त्याला घाबरवून घरी पाठवायचं नाहीये. हे शिकायला आफ्रिका लागत नाही. वडाळ्याला मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण सोसायटी आहे, पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत समुपदेशन केंद्रं आहेत, 1097 ही फुकट हेल्पलाइन आहे. तिथल्या समुपदेशकांना भेटून चार दिवस बसू द्या म्हणावं, लोक नेमकं काय विचारतात ते ऐकावं.

म्हणून माझं म्हणणं असं की जाऊ दे, पण यंदाच्या सुट्टीत नको. आधी सहा महिने मुंबईत फुकट करून दाखव म्हणावं. मुलुंडच्या कॅम्पमध्ये फी भरून किट घेऊन येणारी मुलं आहेत, त्यांना कोणीही शिकवेल. गोवंडी, मानखुर्द, कुर्ला, कुठल्याही म्युनिसिपल शाळेच्या मैदानात तीस पोरं आणि दोन बॅटा घेऊन दर रविवारी दीड तास त्यांना गुंतवून ठेव, एकही मूल लाइनीत उभं राहून कंटाळता कामा नये. आपली गल्लीतली अक्कल इथेच कामाला येते, एक टप्पा आउट, अंडरआर्म, भिंतीला लागला तर दोन रन, ह्यात जागा कमी लागते आणि सगळ्यांना खेळायला मिळतं. मॅजिक बस सारखी संस्था, जी खेळातून मुलांपर्यंत पोहोचते, ती तर 1999 पासून ह्याच शहरात आहे, त्यांच्याकडे व्हॉलंटियर म्हणून विचारायला काय हरकत आहे. सहा महिन्यांनी त्याचा उत्साह टिकला तर दीड लाख द्या, आणि पूर्ण नका देऊ, अर्धे त्याने कमवावेत. मधल्या काळात आयसीसीचा ऑनलाइन फाउंडेशन कोर्स करून टाकावा, नंतर एमसीएकडे, म्हणजे मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे, कोचिंगच्या लेव्हलची चौकशी करावी.

संस्था निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. माझ्याकडचा एक मुलगा एका एजंटकडे पैसे भरून असाच गेला होता, तीन आठवडे, क्रिकेट झालं चार तास आणि बाकीचे दिवस एका शाळेची भिंत रंगवली, जी आधीच्या बॅचने पण रंगवली होती. पोरांना दर पंधरा दिवसांनी नवे सर, नवे फोटो. तेव्हा ईमेलवर सरळ विचारायचं की आम्ही निघाल्यावर ही मुलं कोणाकडे खेळणार, तिथला कोच कोण, माझ्या पैशातले त्याला किती मिळतात. व्हिसा कुठला काढायचा तेही लेखी घ्या, टुरिस्ट व्हिसावर काम करायला सांगत असतील तर तिथेच थांबा. आणि त्यांनी मुलाकडे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागितलं तर वाईट वाटून घेऊ नका, लहान मुलांमध्ये सोडताना जी संस्था हे मागतच नाही तिचीच मला भीती वाटते.

करिअरचं विचाराल तर दोन आठवड्यांच्या ट्रिपवर कोणी नोकरी देत नाही, उगाच गोड बोलून उपयोग नाही. पण सहा महिने मुंबई, मग ही ट्रिप, आणि एका वहीत प्रत्येक सेशनची नोंद, किती मुलं आली, काय विचारलं, काय फसलं, एवढं असेल तर तो देवनारला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये सोशल वर्क किंवा पब्लिक हेल्थच्या मास्टर्सला जाताना नुसता बीकॉमचा मार्कमेमो घेऊन जाणार नाही, त्याच्याकडे सांगायला काहीतरी असेल. त्यासाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, त्याची तारीख बघा. शाळेत पीटीचा शिक्षक व्हायचं असेल तर बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी. यूएन व्हॉलंटियर्समध्ये तरुणांसाठी वेगळी कॅटेगरी आहे, तिथे राहण्या-खाण्याचा भत्ताही मिळतो, ते पुढच्या टप्प्यावर.

आता शेवटची ओळ, जी तुम्ही पत्रात लिहून खोडली होती पण वाचता येत होती: "तिथल्या मुलांमध्ये राहून त्याला तो रोग झाला तर?" ताई, खेळून-शिकवून होत नाही, वर लिहिलंय ते तुमच्यासाठीही आहे. कोणाला लागून रक्त आलं तर ग्लोव्हज घालायचे, तेवढं त्याला माहिती पाहिजे, आणि ते तर मुलुंडलाही पाहिजे. तुम्ही डासांची काळजी करा. तिकडे मलेरिया आहे, डॉक्टरांना विचारून निघण्याआधी गोळ्या सुरू कराव्या लागतात. आणि यलो फीव्हरची लस घ्यायलाच लागते, निदान दहा दिवस आधी, ती घेतल्याचं सर्टिफिकेट, म्हणजे पिवळं कार्ड, नसेल तर परत येताना आपल्याच एअरपोर्टवर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य सेंटरवरच, अंधेरीला एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनचं आहे, तिथे अपॉइंटमेंट लागते. एकदा घेतली की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. आधी लसीची तारीख घ्या, मगच तिकीट काढा. मागे एका घरी उलटं झालं आणि तिकिटाचे पैसे गेले.