दुसरा हातही उघडून बघ

होऊ घातलेल्या डॉक्टरांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शवविच्छेदन करताना रेडियल आर्टरीचा (मनगटाकडे जाणाऱ्या धमनीचा) फाटा कोपरापाशी न फुटता दंडातच वर फुटलेला दिसला, आणि त्याच टेबलावर काम करणाऱ्या मित्रानं 'पुस्तकात आहे तेच काढ' म्हटलं, असं तू लिहिलंस. मला रोमन काळातला वैद्य गेलेन आठवला.

इ.स. 129 मध्ये पर्गाममला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बर्गामाला, तो जन्मला. तिथं ग्लॅडिएटरांच्या जखमा शिवता शिवता स्नायू, नसा शिकला. पुढे रोममध्ये भर सभेत त्यानं किंचाळणाऱ्या डुकराच्या मानेतल्या केसासारख्या नसा दोऱ्यानं आवळल्या. आवाज बंद. दोरा सैल केला, पुन्हा किंकाळी. आवाजाचा ताबा हृदयाकडे नसून मेंदूकडे आहे, हे त्यानं असं दाखवून दिलं. (ती रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, विचारतातच.)

पण रोममध्ये मानवी शवविच्छेदनाला मुभा नव्हती. त्यामुळे माकडं, डुकरं, बैल. बैलाच्या मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. ते माणसातही असणारच, असं तो धरून चालला. त्याचे ग्रंथ नवव्या शतकात बगदादला भाषांतरकार हुनैन इब्न इशाकनं सिरियाक आणि अरबीत आणले. आपल्याकडचे हकीम ज्याला जालिनूस म्हणतात, तो हाच. ग्रंथांबरोबर ते जाळंही फिरत राहिलं.

चुकीबद्दल मी गेलेनला फारसा दोष देत नाही. त्याला माणूस उघडायलाच मिळाला नाही. ज्यांना मिळाला त्यांचं काय? शरीररचनाशास्त्रज्ञ वेसालियसनं 1543 च्या आपल्या ग्रंथात कबूल केलंय, की माणसाच्या डोक्याचं विच्छेदन करताना तो शेजारी कोकराचं किंवा बैलाचं डोकं ठेवायचा. माणसात जाळं सापडायचं नाही, मग ते तिथं दाखवायचं! त्यानं ते छापून मान्य केलं, म्हणून मला तो आवडतो. त्याचे गुरू सिल्वियस मात्र म्हणाले, गेलेनच्या काळापासून माणसाचं शरीरच बदललं असेल.

मीही पहिल्या वर्षी एक न जुळणारी शीर खोडरबरानं पुसली होती. कोणती, ते आता आठवतही नाही.

परीक्षेत पुस्तकातलीच आकृती काढ, मार्क तिथंच आहेत. पण जर्नलच्या मागच्या पानावर तुझी आर्टरी काढ: हात उजवा की डावा, फाटा कोपरापासून किती सेंटिमीटर वर. उद्या मनगटातून अँजिओग्राफीची तार वर सरकवताना असाच फाटा आडवा येतो.

आणि त्याच बॉडीचा दुसरा हात उघडलात की काय दिसलं ते कळव.