मेलबर्नमध्ये परसात पॅशनफ्रूटचा कलमी वेल लावलाय. दोन वर्षांत कुंपण भरलं, पण फळ नाही. काय चुकतंय?

आधी पानं बघा. जांभळ्या पॅशनफ्रूटचं मोठं पान चकचकीत, तीन बोटांचं असतं. पाच-सात बारीक बोटांची पानं दिसली, तर वाढलाय तो खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं मुळासकट झाड; वरचं कलम बहुतेक दबलं किंवा मेलं. तिकडे खुंट बहुधा निळ्या पॅशनफ्लॉवरचा असतो. थंडी आणि मुळांचे रोग सोसतो म्हणून घेतात, पण तो भलताच दांडगट! त्याची फळं नारिंगी, बेचव.

सांधा म्हणजे खुंटाला कलम जोडलेली जागा. त्याखालचा प्रत्येक फुटवा काढा. माझ्याकडे तर वेलापासून दोन मीटरवर, लॉनमध्ये उगवले होते. कात्रीने कापले तर दुप्पट जोमाने आले. आता माती भिजवून मुळापाशी धरून उपटतो. बुंध्याजवळ कुदळ अजिबात नको. मूळ दुखावलं की तिथूनच नवा फुटवा. सांधाही मातीत गाडू नका.

सांध्याच्या वर काहीच जिवंत नसेल, तर माया न करता सगळं उपटा आणि नवं कलम दुसऱ्या जागी लावा.

पानं तीन बोटांचीच आहेत? मग कोंबडीखत, युरिया थांबवा, नत्राने नुसता पाला माजतो. फुलं येऊन गळत असतील, तर कोरड्या दिवशी ब्रशने परागीभवन करा.