खोक्यांच्या धंद्यात उतरण्याआधी

2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर राज्यात कागदी पिशव्यांना, खोक्यांना वाव मिळाला, हे खरं. पण मशीन घेण्याआधी कागद ओळखायला शिक. नुसता जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटर वजन) बघू नकोस, बीएफ (फाटण्याआधी कागद किती दाब सोसतो ते) विचार. आंब्याच्या खोक्यांसारखी थप्पी लागणार असेल तर आरसीटीसुद्धा, म्हणजे कडेवर उभा धरून दाबला तर कागद किती भार पेलतो ते. पावसाळ्यात क्राफ्टचे (खोक्यांच्या तपकिरी कागदाचे) रोल जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर ठेव. ओल धरलेल्या कागदाचं खोकं दबतंच. माझा अख्खा लॉट असाच परत आला होता, अजून जिवाला लागतं. क्राफ्टचा भाव रद्दीच्या भावाबरोबर हलतो, म्हणून कोटेशनवर मुदत लिही. आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आधी कर: लहान उद्योगाला 45 दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क कायद्याने आहे, तो बिलावरच छापून टाक.