'शीफ'ला पेंढीच म्हणू या

प्रश्न असा आला आहे: अनेक संमिश्र चलांच्या फलनांवरचं (कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्सच्या फंक्शन्सवरचं) एक व्याख्यान मराठीत आणायचं आहे. त्यात 'जर्म', 'स्टॉक' आणि 'शीफ' हे तीन शब्द पानोपानी येतात. कच्च्या मसुद्यात जर्मसाठी 'जंतू' आणि स्टॉकसाठी 'देठ' पडलं आहे. शीफला शब्दकोश 'पेंढी' म्हणतो, पण तो शब्द फार गावरान वाटतो. 'गुच्छ' चालेल का?

'जंतू' आधी काढून टाका. मुळात लॅटिनमधला 'गर्मेन' म्हणजे अंकुर. गव्हाच्या दाण्यातला जो भाग उगवतो त्याला इंग्रजीत आजही जर्मच म्हणतात, आणि जर्मन गणितात याच कल्पनेला 'काइम' म्हणतात, त्याचाही अर्थ अंकुरच. दोन फलनं एखाद्या बिंदूभोवतीच्या कितीही छोट्या परिसरात तंतोतंत एकसारखी असली, तर त्या बिंदूपाशी त्यांचा अंकुर एकच. दूर ती काय करतात ते बघायचं नाही. नुसत्या संतत फलनांच्या बाबतीत असा अंकुर फारसं काही सांगत नाही. दोन फलनं इथे जुळतील आणि पलीकडे हवी तशी फाकतील. संमिश्र चलांच्या वैश्लेषिक फलनांचं, म्हणजे प्रत्येक बिंदूभोवती घातश्रेणीने मांडता येणाऱ्या फलनांचं, तसं नसतं. सलग प्रदेशात एका बिंदूपाशी अंकुर जुळला की सगळं फलनच ठरलं. दाण्याएवढ्या जागेत अख्खं रोप सामावलेलं असतं. याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

आता स्टॉक. एका बिंदूपाशी जेवढे म्हणून अंकुर असतील ते सगळे मिळून त्या बिंदूचा स्टॉक. याला 'देठ' नको. देठ पानाला, फुलाला, वांग्याला असतो. जमिनीतून सरळ वर येतं ते ताट. ज्वारीचं ताट, बाजरीचं ताट. जेवणाच्या ताटाशी घोटाळा होईल ही भीती मला खरी वाटत नाही, कारण वाक्यात शेजारी अंकुर आणि पेंढी असताना कुणाच्या मनात वरणभात येणार नाही. प्रत्येक बिंदूवर एकेक ताट उभं आहे असं चित्र डोळ्यासमोर आणा, म्हणजे सगळ्या अवकाशावर पीक उभं राहिलेलं दिसेल.

आणि मग पेंढी, म्हणजे सगळ्या बिंदूंवरची ताटं एकत्र बांधणारी रचना, तीच शीफ. आमच्याकडे ज्वारी काढली की ताटं आडवी टाकतात. कवेत मावतील तेवढी उचलली की ती झाली कवळ. ती खाली ठेवून गुडघ्याने दाबतात, दोन-तीन ओलसर ताटांना पीळ देऊन त्याचा आळा करतात आणि आवळून गाठ मारतात. आळा पडला की कवळेची पेंढी झाली. ताटं तीच, एकही वाढलं नाही की कमी झालं नाही.

हे मी इतकं सविस्तर सांगतोय, कारण गणितात हुबेहूब हेच घडतं. शीफच्या आधीची एक पायरी असते, तिला इंग्रजीत 'प्रीशीफ' म्हणतात. तिच्यात प्रत्येक प्रदेशासाठी फलनांचा एक संच दिलेला असतो, पण छोट्या छोट्या प्रदेशांवरची, एकमेकांशी जुळणारी फलनं सांधली की मोठ्या प्रदेशावरचं फलन त्याच संचात मिळेल याची हमी नसते. मर्यादित राहणारी वैश्लेषिक फलनं घ्या. तुकड्यातुकड्यांवर मर्यादित असलेली फलनं जोडत गेलं तर सबंध प्रदेशावर अमर्याद वाढणारं फलन तयार होऊ शकतं. म्हणजे ही नुसती कवळ. सांधण्याची अट घातली की तिची पेंढी होते, ती सगळ्या वैश्लेषिक फलनांची. आणि ताटं? तीच राहतात, कारण प्रत्येक वैश्लेषिक फलन एखाद्या बिंदूच्या अगदी जवळ मर्यादितच असतं. म्हणून प्रीशीफला मी 'कवळ' सुचवेन आणि सांधण्याच्या अटीला 'आळा'. 'पूर्वपेंढी'सारखा जोडशब्द घडवायची गरजच नाही.

या विषयाला पेंढीची गरज का पडली तेही भाषांतरकाराने मनात ठेवावं. एकाच चलाचं १ भागिले चल हे फलन शून्यापाशी फुटतं, म्हणजे अनंताकडे जातं, बाकी सगळीकडे ठीक असतं. पण १९०६ मध्ये फ्रिट्झ हार्टोग्स यांनी दाखवलं, की दोन किंवा अधिक चलं असली तर असं एकट्या बिंदूचं भोक टिकतच नाही. भोवतालचं फलन आपोआप आत पसरतं. त्याआधी १८९५ मध्ये पिएर कुझँ यांनी विचारलं होतं: जागोजाग फलन कसं फुटावं हे आपण ठरवून दिलं, तर ते सगळं सांधणारं एकच फलन मिळेल का? अनेक चलांत त्याचं उत्तर प्रदेशाच्या आकारावर अवलंबून असतं. जागोजागचं जुळतं, मग सगळं मिळून जुळेल का, हा इथला मूळ प्रश्न. तो शेवटी पेंढीच्या भाषेत नीट मांडता आला.

शब्द मात्र शेतातून आलेला नाही, हेही सांगायला हवं. फ्रेंच गणिती झाँ लरे १९४० ते १९४५ ऑस्ट्रियातल्या जर्मन युद्धबंदी छावणीत होते. आपलं द्रवगतिकीतलं ज्ञान शत्रूने वापरू नये म्हणून तिथे त्यांनी स्थानविद्येवर (टोपॉलॉजीवर) काम केलं, आणि १९४६ मध्ये 'फेसो' हा शब्द छापून आणला. फ्रेंचमध्ये फेसो म्हणजे नुसता जुडगा, काड्यांचा किंवा प्रकाशकिरणांचाही. इंग्रजीने शीफ आणि जर्मनने 'गार्बे' निवडलं तेव्हा तो धान्याचा झाला. जपानीत तर त्याला 'सो' म्हणजे थर म्हणतात. तेव्हा शेत सोडलं तर गणित बिघडेल असं मुळीच नाही. पण आपल्याकडे अंकुर, ताट, कवळ, आळा, पेंढी असं अख्खं कुटुंब तयार असताना, त्यातल्या एकाला गावरान म्हणून बाहेर ठेवायचं आणि 'गुच्छ' आणायचा हे मला पटत नाही. गुच्छात फुलं असतात, ताटं नसतात.

एक सावधगिरी. याच व्याख्यानात 'बंडल' येईल, त्याला पेंढी म्हणू नका. बंडलमध्ये प्रत्येक बिंदूवरचा तंतू सारख्याच मापाचा असतो, पेंढीतली ताटं लहानमोठी असू शकतात. बंडलला 'मोळी' ठेवा, उसाची असते तशी. आणि कियोशी ओका यांच्या १९५० च्या निबंधाचा उल्लेख येईल तिथे 'कोहेरंट शीफ'साठी 'सुसंगत पेंढी' लिहा.