विकायच्या घरावर कर्ज काढून खर्च करावा का?

तुमचं पत्र वाचलं. सोळा वर्षांचं राहतं घर विकायचं आहे, नव्या घराचं कर्ज सुरू झालंय आणि जुन्याचंही थोडं बाकी आहे. एजंटने सुचवलंय की दोन्ही बाथरूम फोडून नवी करा, मॉड्युलर किचन बसवा, हॉलला फॉल्स सीलिंग घ्या. भाव चांगला येईल. त्यासाठी तुम्ही १४ टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज काढायच्या विचारात आहात.

माझं उत्तर: कर्ज काढू नका, किचनला हात लावू नका. पण घर आहे तसंच दाखवायलाही बसू नका.

आधी हिशोब. घराची आजची किंमत १०० भाग धरू. तुम्ही दिलेल्या अंदाजानुसार नूतनीकरणाला ८ भाग लागतील. काम तीन महिने, त्यानंतर विक्रीला आणखी तीन, म्हणजे वैयक्तिक कर्जाचं सहा महिन्यांचं व्याज साधारण अर्धा भाग. इथपर्यंत बहुतेक जण मोजतात. राहून जातो तो विलंबाचा खर्च. विक्रीचे पैसे जुनं कर्ज फेडायला आणि नव्या कर्जाचा मोठा हिस्सा कमी करायला जाणार आहेत. दोन्हींचा दर ९ टक्के आहे, म्हणजे विक्री एक महिना लांबली की पाऊण भाग व्याज वाढलं. तीन महिन्यांचे सव्वादोन भाग. एकूण पावणेअकराच्या आसपास. एवढी किंमत वाढली तर तुम्ही फक्त बरोबरीत आलात, आणि धूळ, मजुरांच्या दांड्या, वाढलेली अंदाजपत्रकं ही वेगळीच. शिवाय एजंटचं कमिशन किमतीवर असतं. तुमच्या व्याजाचा एकही हप्ता तो भरत नाही.

दुसरी अडचण आवडीची. तुम्ही निवडलेला ओट्याचा दगड आणि टाइल्स घेणाऱ्याला पसंत पडतीलच असं नाही. त्याला ते बदलायचं असेल तर तुमच्या खर्चाची किंमत त्याच्या लेखी शून्य.

मग पैसा घालायचा कुठे? घेणाऱ्याच्या मनात शंका येते तिथे. पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला ओल आहे आणि "तिथे रंग मारून घेऊ". हे मात्र करू नका. ओल्या भिंतीवर रंग टिकत नाही. पापुद्रे सुटतात, पांढरा क्षार पुन्हा वर येतो, आणि जाणकार माणूस ओलावा मोजायचं साधं यंत्र लावून तो पकडतो. एकदा लपवलेलं सापडलं की तो बाकीच्या सगळ्या घराकडे संशयाने बघतो आणि भाव पाडतो. गळती कुठून होते ते शोधून आधी ती बंद करा, मग गिलावा. नवा सिमेंटचा गिलावा रंगाआधी साधारण चार आठवडे वाळावा लागतो, म्हणून हे काम सगळ्यांत आधी. दुरुस्तीचं बिल आणि हमीपत्र फाइलमध्ये ठेवा आणि विचारायच्या आधीच घेणाऱ्यासमोर ठेवा.

त्याच चार आठवड्यांत बाकीचं आटोपतं. ठिबकणारे नळ, अडकणारी दारं, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या, तुटलेली स्विचची बटणं. एकेक गोष्ट क्षुल्लक असते, पण पाचसहा एकत्र दिसल्या की पाहणारा मनात म्हणतो, यांनी न दिसणाऱ्या पाइपांकडे तरी काय लक्ष दिलं असेल? बाथरूम फोडायची नाहीत. टाइल्सच्या फटी खरवडून नव्याने भरा आणि डागाळलेले नळ बदला. शेवटी सगळ्या भिंतींना एकच फिका रंग. दिव्यांचंही बघा. एकाच खोलीत एक बल्ब पिवळा, दुसरा निळसर पांढरा असला की चांगला रंगही मळका दिसतो. सगळीकडे ३००० केल्व्हिनच्या आसपासचे, म्हणजे किंचित पिवळसर उजेडाचे घ्या. फोटो मात्र दिवसा, पडदे उघडून.

वास ही अवघड बाब, कारण राहणाऱ्याला तो जाणवेनासा होतो. बाहेरच्या कुणाला तरी नाकाची परीक्षा घ्यायला बोलवा. सुगंधी फवारे नकोत, त्यांनी उलट संशय येतो. वापरात नसलेल्या बाथरूमच्या जाळीत अधूनमधून पाणी ओता. खालच्या वळणातलं पाणी आटलं की गटाराचा वास वर येतो.

सामान कमी करा. तुम्हाला पुढे आवरायचंच आहे, ते आत्ता आवरा. निम्मी कपाटं आणि माळा रिकामा झाला की खोल्या मोठ्या वाटतात, आणि याला जवळपास काहीच लागत नाही. पण घर ओकंबोकं करू नका. पलंग, टेबल जागेवर असले की मापाचा अंदाज येतो. भाड्याने फर्निचर आणायचं तुम्ही विचारलंय, त्याची गरज मला दिसत नाही.

या सगळ्याला दीड भाग मर्यादा ठेवा आणि तो बचतीतून काढा, मात्र सहा महिन्यांच्या घरखर्चाची आणि हप्त्यांची रक्कम शिल्लक राहिली पाहिजे. काम सहा आठवड्यांत संपलं तर विलंबाचा खर्च सव्वा भागाच्या आत बसतो. म्हणजे एकूण पावणेतीन भाग, पावणेअकरा नव्हे.

एका परिस्थितीत मी मत बदलेन. दुरुस्तीनंतर घर दाखवायला लागलात आणि वेगवेगळ्या लोकांनी त्याच किचनबद्दल नाक मुरडलं, तर प्रश्न खरा आहे. तेव्हाही आधी किमतीत दोन-तीन भाग सूट देऊन बघा. किचन ते आपल्या आवडीने करतील, आणि तुम्ही तीन महिन्यांच्या व्याजातून सुटाल.