हिंगण्याचे अण्णा, पार्वतीबाई आणि त्यांच्या विद्यार्थिनी

आपण विचारले आहे की मुलींच्या महाविद्यालयांतील काही प्रमुखांविषयी विद्यार्थिनींना आयुष्यभर जिव्हाळा का वाटतो, महाराष्ट्रातले त्याचे ठळक उदाहरण कोणते, आणि आजच्या काळात असे नाते शक्य आहे का. मी मुलींच्या एका महाविद्यालयात बरीच वर्षे अध्यापन केले असल्यामुळे हा प्रश्न माझ्याही ओळखीचा आहे. उदाहरणादाखल मी पुण्याजवळची, विधवा आणि मुलींच्या शिक्षणासाठी निघालेली हिंगण्याची संस्था आणि तिच्या आधाराने १९१६ साली सुरू झालेले महिला विद्यापीठ घेते. तेथील जिव्हाळ्याचे श्रेय सामान्यतः संस्थापक धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा, यांच्या शांत, निगर्वी स्वभावाला दिले जाते. मला मात्र त्याचे मोठे कारण वेगळे वाटते: ती संस्था ज्या स्त्रियांनी चालवली, त्यांतील बहुतेक जणी स्वतः त्याच वाटेने शिकायला आलेल्या होत्या.

अण्णांची दुसरी पत्नी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई किंवा सर्वांच्या बाया, ही पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या मुली-विधवांच्या शाळेतील पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली अण्णांनी त्यांच्याशी विवाह केला आणि अण्णांच्या मुरुड गावच्या लोकांनी या कुटुंबावर बहिष्कार घातला. १८९६ साली विधवांना आश्रय आणि शिक्षण देणाऱ्या अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली आणि १९०० साली आश्रम पुण्याबाहेर सुमारे चार मैलांवर हिंगण्याच्या माळावर गेला. अण्णा तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असत. दिवसभराचे काम संपवून, पावसाळ्यातही चिखल तुडवत, पुष्कळदा आश्रमासाठी लागणारे सामान बरोबर घेऊन, ते पायी हिंगण्याला जात, मुलींना शिकवत, रात्री तेथेच राहत आणि सकाळी पुन्हा पुण्याला परतत. वैधव्याचा अनुभव असलेल्या मुलींमध्ये हा गृहस्थ परकाच होता. ते अंतर त्यांनी भाषणे देऊन नव्हे, पायांनी तोडले, असे म्हणता येईल.

या आदराची किंमत कोणी मोजली, हेही सांगायला हवे. पुनर्विवाहित जोडप्याचा आश्रमाशी उघड संबंध दिसला तर सनातनी घरे आपल्या विधवा मुली तेथे पाठवणार नाहीत, या भीतीने अण्णांनी पुनर्विवाहाच्या चळवळीपासून आश्रम कटाक्षाने वेगळा ठेवला, आणि त्यामुळे बायांना सुरुवातीची अनेक वर्षे मुलांना सांभाळत पुण्यातच राहावे लागले. जिच्यासारख्या स्त्रियांसाठी आश्रम उभा राहिला, तिलाच त्याच्या दाराशी थांबावे लागणे, ही विसंगती बायांनी पुढे आपल्या आत्मकथनात मोकळेपणाने मांडली आहे. अण्णांचा निर्णय व्यवहार म्हणून मला पटतो. न्याय म्हणून पटत नाही. हिंगण्याच्या कौतुकाच्या लेखनात हा भाग बहुधा एका ओळीत उरकला जातो, याची मला चीड येते.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र मला बायांच्या बहिणीत, पार्वतीबाई आठवल्यांमध्ये सापडते. देवरुखकडचे हे घर, अकराव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य, पदरात एक मुलगा, डोक्यावर केस नाहीत आणि अक्षरओळख जेमतेम. त्या बहिणीच्या आधाराने पुण्यात आल्या, मोठ्या वयात शिकल्या आणि आश्रमाच्या कामाला लागल्या. वेणूबाई नामजोशी आणि काशीबाई देवधर या त्यांच्या सुरुवातीच्या सहकारी. पार्वतीबाई गावोगाव फिरून आश्रमासाठी वर्गणी गोळा करत, स्त्रियांसमोर बोलत आणि मुली पाठवा म्हणून घरच्यांची मने वळवत. एखाद्या घरातली आई जेव्हा त्यांच्याकडे पाही, तेव्हा तिच्यासमोर उपदेश करणारी कोणी शिकलेली बाई नसे. सोवळ्या वेषातली, आपल्याच मुलीसारखे नशीब भोगलेली आणि तरीही ताठ मानेने चालणारी स्त्री असे. केशवपन बंद करण्याचा निर्णयही त्यांनी बऱ्याच वर्षांच्या कामानंतर, स्वतःच्या विचाराने घेतला.

१९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तुटपुंज्या इंग्रजीच्या बळावर त्या अमेरिकेला गेल्या. तेथे लोकांच्या घरी कामे करत इंग्रजी शिकल्या, संस्थेसाठी पैसे मिळवले आणि १९२० च्या सुमारास परतल्या. आश्रमात पाणी भरणे, स्वयंपाक, केर ही कामे मुली पाळीने करत, त्यांत कोणाला कमीपणा वाटू नये असा आग्रह असे. आणि त्या आग्रहामागची बाई परदेशात दुसऱ्यांची भांडी घासून आलेली आहे, हे मुलींना ठाऊक होते. अशा व्यक्तीचे बोलणे विद्यार्थिनी वेगळ्या कानाने ऐकतात. स्त्रीशिक्षण गृहजीवनाला धरून असावे, हा त्यांचा विचार आज आपल्याला मागे ओढणारा वाटेल, मलाही वाटतो. पण त्यामुळे त्यांचा अधिकार उणा होत नाही.

हा अधिकार पुढच्या पिढीकडे जावा म्हणून अण्णांनी १९०८ साली निष्काम कर्ममठाची स्थापना केली. निर्वाहापुरते वेतन घेऊन संस्थेला आयुष्य वाहून घेणारे स्त्री-पुरुष सेवक ही त्यामागची कल्पना होती, आणि संस्थेत शिकलेल्या स्त्रियाच पुढे तिथल्या शिक्षिका, व्यवस्थापिका, निधी जमवणाऱ्या झाल्या. संस्थेचा भाऊबीज निधीही याच नात्यातून आला. समाजाने या बहिणींना ओवाळणी घालावी, असे म्हणत कार्यकर्ते घरोघरी गेले, आणि पुण्या-मुंबईच्या कित्येक मध्यमवर्गीय घरांत ती वार्षिक ओवाळणी परंपरेने दिली जाऊ लागली.

विद्यापीठाची कल्पना अण्णांना जपानमधील महिला विद्यापीठाविषयीच्या एका पुस्तिकेवरून सुचली आणि डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी ती मांडली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिले कुलपती झाले. शिक्षण मातृभाषेतून, अभ्यासात गृहविज्ञान आणि आरोग्य, पदव्यांची नावे गृहीतागमा (बी.ए.सारखी) आणि प्रदेयागमा (एम.ए.सारखी). १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव विद्यापीठाला मिळाले. सरकारी मान्यता मात्र नव्हती. कायद्याने ती १९५१ साली मिळाली. तोवर या पदवीला नोकरीच्या बाजारात फारशी किंमत नव्हती आणि ‘सोपी पदवी’ म्हणून तिची टिंगलही होई. शिकवणारे आणि शिकणाऱ्या दोघेही एकाच अवहेलनेचे धनी असले की त्यांच्यात आपलेपणा निर्माण होतो, आणि तो मान्यताप्राप्त, सुस्थित महाविद्यालयात सहसा आढळत नाही. न. चिं. केळकरांच्या कन्या कमलाबाई देशपांडे याच विद्यापीठाच्या पदवीधर, प्रागहून पीएच.डी. मिळवून त्या परतल्या आणि पुण्याच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. आपल्या प्राचार्यांनी आपलीच, बाहेर हिणवली जाणारी पदवी घेतलेली आहे, ही गोष्ट वर्गात बसलेल्या मुलीला किती धीर देत असेल, याची कल्पना करता येते.

आता आजच्या काळाविषयी. हल्ली प्राचार्यांची नेमणूक निवड समितीकडून होते, बहुतेक वेळ मूल्यांकनाचे अहवाल आणि बैठका यांत जातो, आणि अनेक ठिकाणी विद्यार्थिनींना प्राचार्यांचे दर्शन स्नेहसंमेलनातच घडते. यात व्यक्तींचा दोष कमी आणि कामाच्या रचनेचा जास्त आहे. तरीही माझ्या पाहण्यात अशा प्रमुख आल्या आहेत ज्यांनी आठवड्यातला एक तास प्रथम वर्षाला शिकवणे कधी सोडले नाही, वसतिगृहाच्या खानावळीत अधूनमधून मुलींबरोबर जेवल्या, आणि फी भरू न शकलेल्या मुलीला कचेरीत उभे न करता स्वतः बोलावून घेतले. त्यांच्या निवृत्तीनंतरही माजी विद्यार्थिनी त्यांच्याकडे येत राहिल्या, लग्नाचे आमंत्रण घेऊन जितक्या आल्या, तितक्याच नवऱ्याचे घर सोडावे का हे विचारायलाही आल्या.