जर्मनीत आधी पत्ता, मग बाकी सगळं

काकू परवा नाशिकच्या गोदाघाटावर, आपल्या गंगेवर, भेटल्या, तेव्हा तुझा निरोप मिळाला आणि रात्री तुझा भला मोठा मेसेजही वाचला. अंबडच्या कारखान्यात सात वर्षं क्वालिटीत काढलीस, आता स्टुटगार्टजवळच्या कंपनीचं ऑफर लेटर हातात आलंय, पगार वर्षाला ५२ हजार युरो. तू विचारलंस की व्हिसा कुठला मागू, बायको आणि चार वर्षांची लेक कधी येऊ शकतील, आई-बाबांचं काय आणि सामानात काय भरू. मी आठ वर्षं तिथेच आहे. दिवाळीला पंचवटीत घरी आलेय, तर निवांत लिहिते.

तू ब्लू कार्डच माग, म्हणजे पदवीधरांना ठरावीक पगाराच्या नोकरीवर मिळणारा निवासाचा परवाना. २०२५ मध्ये त्याची पगाराची अट वर्षाला ४८,३०० युरो होती, आणि इंजिनिअरसारख्या मनुष्यबळ कमी असलेल्या कामांना ४३,७५९.८० युरो. हा आकडा दर जानेवारीत बदलतो, म्हणून अर्ज ज्या वर्षी करशील त्या वर्षीचा बघ. डिग्री मान्य आहे की नाही ते जर्मन सरकारच्या अनाबिन नावाच्या यादीत दिसतं. विद्यापीठापुढे एच प्लस ही मान्यतेची खूण असली पाहिजे आणि तुझी पदवीही तिथे सापडली पाहिजे. आपल्या विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये बदललं, तेव्हा पुणे विद्यापीठ आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, दोन्ही नावांनी शोध. पदवी सापडली नाही तर वेगळं तुलनापत्र मागवावं लागतं आणि त्यात वेळ जातो, म्हणून हे आजच बघून घे. नोकरीची माहिती देणारा ठरलेला फॉर्म कंपनीनं भरून, सही करून द्यायचा असतो. तो त्यांच्याकडून आत्ताच मागून घे. अर्ज आता ऑनलाइन भरता येतो, महाराष्ट्राचं काम मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे आहे आणि फी ७५ युरोंएवढी रुपयांत भरायची. आणि कितीही घाई झाली तरी पासपोर्टवर व्हिसा चिकटल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस.

पासपोर्टचं ते पुस्तक आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्येच छापलं जातं. पण त्यातलं नाव बाकीच्या कागदांशी जुळवायचं काम तुझं आहे, आणि आपल्या लोकांची कामं इथेच अडतात. लेकीच्या महापालिकेच्या जन्मदाखल्यावर तुझं नाव एका स्पेलिंगनं, पासपोर्टवर दुसऱ्या. वहिनींच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर सासरचं. जर्मन अधिकारी अक्षर न् अक्षर ताडून बघतात आणि त्यांना आपल्याकडची पद्धत माहीत असण्याचं कारण नाही. दुरुस्ती करायची तर इथे असतानाच कर. तिथून एका अक्षरासाठी मुखत्यारपत्र पाठवावं लागतं आणि भावाला महापालिकेत खेटे घालावे लागतात.

कागदांना अपोस्टील, म्हणजे परदेशात कागद खरा मानावा म्हणून मारतात तो शिक्का, करून देतो म्हणणारे एजंट भेटतील. भारत अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण जर्मनीनं भारताच्या बाबतीत हरकत घेतलेली असल्यानं आपलं अपोस्टील तिथे चालत नाही. कोणाला दाखल्याची खातरी करायची असेल तर जर्मन दूतावासामार्फत पडताळणी होते, तिला महिने लागतात. त्या शिक्क्यापायी पैसे घालवू नकोस.

आता घराचं. तू तर विचारलंस की पहिले दोन महिने मित्राच्या खोलीत काढले तर चालेल का. मी नेमकं हेच केलं होतं. ओळखीतून एक स्वस्त खोली मिळाली, मालक म्हणाला राहा, पण नोंदणीचा कागद देणार नाही. मला वाटलं, त्यानं काय बिघडतं? जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा, हा माणूस माझ्याकडे राहतो असा कागद लागतो. त्या नोंदणीनंतर कराचा नंबर टपालानं येतो, बँका बहुतेक वेळा तेच पत्र मागतात, निवासाचं कार्डही तो पत्ता ज्या भागात येतो तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून मिळतं. माझं सगळं सहा आठवडे खोळंबलं. दुसरं घर मिळालं, नोंदणी झाली, तरी बँकेचा पिन काही येईना. शेवटी चौकशी केली तर पत्र परत गेलेलं. पत्ता बरोबर होता, पण टपालपेटीवर माझं आडनाव नव्हतं. तिथे पोस्टमन मजला किंवा फ्लॅट नंबर बघत नाही, पेटीवरचं नाव बघतो. जवळपास सगळं सरकारी काम टपालानं चालतं, त्यामुळे किल्ली हातात पडली की त्याच दिवशी कागदावर आडनाव लिहून पेटीवर चिकटव. वहिनी येतील तेव्हा त्यांचं आडनाव वेगळं असेल तर तेही लाव.

म्हणून कंपनीला विचार की पहिले काही महिने नोंदणी होईल असं घर देता का, आणि ते लेखी घे. भाडं बोलताना काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं आणि वार्ममीटे म्हणजे गरम हवा, पाणी वगैरे धरून, हा फरक लक्षात ठेव. अनामत रक्कम नुसत्या भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही, तसा कायदाच आहे. घर न दाखवता पैसे पाठवा म्हणणाऱ्याला एक युरोही देऊ नकोस.

व्हिसाची मुदत संपायच्या आत निवासाच्या कार्डासाठी अर्ज कर. अपॉइंटमेंट महिनोन् महिने मिळत नाहीत, पण मुदतीत अर्ज केला असेल तर हक्क अबाधित राहतो आणि फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा तात्पुरता कागद मिळतो. त्या कागदावर चौकटी असतात. निवास कायद्याच्या कलम ८१, परिच्छेद ४ च्या चौकटीत खूण असेल तर भारतात येऊन परत जाता येतं, परिच्छेद ३ ची असेल तर परत प्रवेश मिळत नाही. तिकीट काढायच्या आधी ती खूण डोळ्यांनी बघ. एरवीही सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिलं तर निवासाचा परवाना आपोआप रद्द होतो. ब्लू कार्डाला ही सवलत बारा महिन्यांची आहे.

वहिनींबद्दल चांगली बातमी आहे. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनच्या ए १, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीच्या, परीक्षेची अट नाही आणि आल्याबरोबर नोकरी करता येते. तरी भाषा शिकायला आत्ताच सुरुवात करा, दोघंही. तुला कायमचा परवाना ए १ वर २७ महिन्यांत मिळतो, बी १, म्हणजे मधली पातळी, झाली तर २१ महिन्यांत. माझं मत विचारशील तर तू आधी जा, घर घे, पेटीवर नाव लाव, मग दोघींना ने. थंडीत हॉटेलच्या खोलीत चार वर्षांचं पोर सांभाळणं फार कठीण जातं. बालवाडीत जागा मिळण्याचा मुलांना कायद्यानं हक्क आहे, पण प्रत्यक्षात जागा कमी आहेत, म्हणून पत्ता नोंदवलास की लगेच नाव घाल. सरकारी आरोग्य विम्यात मूल, आणि स्वतःची कमाई नसेल तर बायकोही, वेगळा हप्ता न भरता येतात. पुढे पगार वाढला की खासगी विम्याचे फोन येतील. कुटुंब असताना त्या वाटेला जाऊ नकोस, तिथून परत फिरणं अवघड असतं.

आई-बाबांचं खरं सांगते. भेटीला ते १८० दिवसांत ९० दिवस राहू शकतात, किमान ३० हजार युरोंचा प्रवासी विमा लागतो. मार्च २०२४ पासून पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना कायम राहायला नेण्याची वाट कायद्यात उघडली आहे, पण त्यांचा पूर्ण खर्च आणि आरोग्य विमा तुझ्यावर. त्या वयात असा विमा मिळवणं फार महाग पडतं. काकांना रक्तदाबाचा त्रास आहे ना? मग त्यांना आत्ताच आशा लावू नकोस. त्यापेक्षा इथे शेजारी कोण धावून येईल, दवाखान्याची फाइल कुठे, हे ठरवून जा.

इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं इथलं खातं, करून घ्यावं लागतं, तसा नियम आहे. कॉलेज रोडच्या शाखेत जाऊन फॉर्म घेऊन ठेव. आणि हा फोन नंबर बंद पडू देऊ नकोस. आधार, बँक, पॅन सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येणार. भारत आणि जर्मनीत मे २०१७ पासून सामाजिक सुरक्षा करार आहे, त्यामुळे दोन्हीकडची पेन्शनची वर्षं एकत्र धरता येतात; पीएफचे कागद जपून ठेव.

गाडीचं लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून सहा महिने चालेल, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतील. लेखी इंग्रजीतही देता येते.

सामानात मिक्सर घे, व्होल्टेज तेच आहे, फक्त तीन पिनांना अ‍ॅडाप्टर लागेल. काळा मसाला, चिवडा, पापड चालतात. साजूक तूप, पेढे, दुधाचं काहीही नको, युरोपात बाहेरून नेता येत नाही, विमानतळावर काढून टाकतात. काकू कढीपत्ता बांधून देतील, त्यालाही मनाई आहे. द्राक्षं तर नेऊच नकोस. हंगामात आपल्याकडचीच तिथल्या दुकानात दिसतात.

मी रविवारपर्यंत आहे. शनिवारी संध्याकाळी लेकीचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि तिघांचे पासपोर्ट घेऊन घरी ये, वहिनींनाही आण. समोर ठेवून एकेक नाव ताडून बघू.